कोकणात फुलांचा महोत्सव बघायला मे महिन्यात यावं का?

तुम्ही विचारलंय की मुलांच्या मेच्या सुट्टीत वेंगुर्ला-सावंतवाडीकडे एखादा फुलांचा महोत्सव आणि जुन्या लोककला एकाच फेरीत बघून होतील का. लोककला होतील. महोत्सवही मिळेल, स्टेज, लाइटिंग आणि खाऊगल्ली धरून. फुलं मात्र तोवर संपलेली असतील. निदान ज्या फुलासाठी मी कुणाला मुद्दाम इकडे बोलावीन, ते तरी.

ते फूल म्हणजे सुरंगी. मी वेंगुर्ल्याजवळचा, आमच्या परड्यात हिची दोन जुनी झाडं आहेत. फेब्रुवारीच्या अखेरीपासून साधारण एप्रिल लागेपर्यंत बहर, तोही सलग नाही. चार दिवस झाड लगडतं, मग आठवडाभर गप्प. पानं जाड, गडद हिरवी. फूल फांदीच्या शेंड्याला येतच नाही, जून लाकडाला गाठीगाठींवर चिकटून येतं. कळे वाटाण्याएवढे. उमलला की चार पांढऱ्या पाकळ्या आणि मध्ये पिवळ्या केसरांचा झुपका. रस्त्याने जाताना आधी वास येतो, मग मधमाशांची घूं घूं ऐकू येते, झाड सगळ्यात शेवटी दिसतं.

आमच्याकडे खरा महोत्सव म्हणजे ती सकाळ. चहाच्या आधी कमरेला पिशवी बांधून कुणीतरी झाडावर चढलेलं असतं, आणि आई पडवीत सूप घेऊन बसलेली असते. लहानपणी मी फुललेली सुंदर फुलं वेचून तिच्या सुपात टाकायचो, ती बाजूला काढायची. "फुललेला फूल वळेसराक चालणा नाय रे, कळे होये." वळेसर म्हणजे तुमच्याकडचा गजरा. कळ्यांचाच करायचा, फुलायचं काम दिवसभर केसात बसून तो आपलं आपण करतो. ऊन चढलं की वळेसराचं काम संपतं. मग झाडाखाली जुन्या साड्या अंथरायच्या, पडलेले कळे गोळा करून वाळवायचे. सुके कळे व्यापारी नेतात, अत्तर आणि रंगासाठी. आसोली गावात तर कित्येक घरांचे चार पैसे या दोन महिन्यांत होतात. काही वळेसर सीमा ओलांडून गोव्याच्या बाजारातही जातात.

आता महोत्सवाचं सांगतो. मागे एकदा आमच्या भागातल्या अशाच एका महोत्सवाच्या कमिटीत मी होतो. मे महिना, फुलांची थीम. कमानीला झेंडू लागणार म्हणून टेम्पो गेला घाटावर. कोकणातल्या फुलांच्या महोत्सवाच्या कमानीला कोल्हापूरकडचा झेंडू! मीटिंगमध्ये मी म्हटलं, मार्चमध्ये घेऊया. उत्तर आलं, मार्चमध्ये परीक्षा असतात, चाकरमानी येत नाहीत. तेही खरंच. शेवटी पुण्याच्या एका बाईंनी सुरंगी दाखवा म्हणून हट्ट धरला, तेव्हा आईच्या कपाटातल्या साड्यांच्या घडीतून वाळलेला वळेसर आणून त्यांच्या हातावर ठेवला. दोन महिन्यांचा जुना, तपकिरी पडलेला. वास होता. त्या पाच मिनिटं काही बोलल्याच नाहीत.

म्हणून माझा सल्ला, शाळा दोन-तीन दिवस बुडली तरी चालेल, शिमग्याच्या आगेमागे या. फाल्गुनातच सुरंगी आणि शिमगा गाठ पडतात. तेव्हा पोरं रस्त्यात अडवून "शबय, शबय" करत पैसे मागतील, सुटे ठेवा.

लोककलांपैकी एकच बघायला वेळ असेल तर दशावतार बघा, आणि तो हॉलमधला दीड तासाचा नको, देवळासमोरचा रात्रभराचा बघा. रात्री उशिरा आडदशावतार, म्हणजे सुरुवातीचा भाग होतो, गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर, आणि मग आख्यान, म्हणजे मुख्य कथा, उजाडेपर्यंत चालतं. संवाद लिहिलेले नसतात, नट तिथल्या तिथे बोलतात. सगळे पुरुषच. जमलं तर सुरू व्हायच्या आधी मागच्या बाजूला डोकावा. एकदा मी आईने दिलेला वळेसर घेऊन गेलो होतो. स्त्रीपार्टी करणारा नट पत्र्याच्या ट्रंकेवर बसला होता, एका हातात आरसा. दाताने दोरा ताणून त्याने तो अंबाड्याला असा बांधला की आमच्या घरातल्या कुठल्याच बाईला जमणार नाही. पुढचे चार तास तो द्रौपदी होता.

बाकीचं भराभर सांगतो. कुडाळला लागून पिंगुळी आहे, तिथे ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत सांगितलेली गोष्ट. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. मुलांना सगळ्यात जास्त आवडेल ते हेच. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे खेळायचे पत्ते, हाताने रंगवताना बघता येतात. दशावतारी संच १२० गोल पानांचा, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. ही कला बुडायला आली होती, तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली. चितारआळीत लाकडी फळं घ्या. वेंगुर्ल्यातली सतराव्या शतकातली डच वखार आता पडझडीला आलेली आहे, अर्धा तास पुरे.

आणि एखाद्या गावच्या देवळात गुरव कौल लावताना, म्हणजे देवाची संमती विचारताना दिसला तर थांबा. तो ओल्या पाकळ्या किंवा कळे देवाच्या पाषाणावर चिकटवतो आणि देवाला गाऱ्हाणं घालतो. उजवीकडचा पडला की होकार. फुलाचा इतका गंभीर उपयोग मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका.

मेमध्येच यायचं असेल तर तक्रार नाही, आंबा, फणस, रतांबे (कोकमाची फळं) आहेतच. फुलांपैकी ओवळं मिळतील, म्हणजे तुमची बकुळ. देवळाच्या आवारात झाड असतंच. सकाळी साडेसहाला मुलांना उठवून न्या, खाली पांढरा सडा पडलेला असतो. सुई-दोरा नको, माडाच्या झावळीचा एक हीर मागून घ्या. ओवळ्याला मध्ये भोक असतं, त्यात हीर सरळ जातो.