पोरगी रोज फोनवर रडते, परत बोलावून घ्यायचं का?

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबर आला की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. पोर एका वर्षासाठी एक्स्चेंज प्रोग्रॅमवर अमेरिकेला गेलेलं असतं, तिथल्या एका कुटुंबात राहून तिथल्या हायस्कूलमध्ये शिकत असतं, आणि फोनवर रडत असतं. आई म्हणते तिकीट काढू, बाबा म्हणतात थांबू, आजी म्हणते पाठवलंच कशाला. त्यातलीच एक केस लिहितेय. मुलीनी आणि घरच्यांनी लिहायला हो म्हटलंय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

घर इंदूरच्या सुदामानगरातलं. मुलीनी सीबीएसईची दहावी छान केली आणि ऑगस्टमध्ये आयोवातल्या एका छोट्या गावी गेली. आई माझ्याकडे आली तेव्हा तिचेच डोळे सुजलेले. म्हणाली, "ताई, एक दिवस असा नाही की ती रडत नाही. काल म्हणाली आई मला झोपच येत नाही इथे. माझा तर घास उतरत नाहीये."

मी आधी विचारलं, फोन किती वाजता करता? तर सकाळी आठला. म्हणजे इकडे नाश्त्याची वेळ, गॅसवर पोह्यांची कढई, फोन जिरावनच्या, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याच्या, बरणीला टेकवून ठेवलेला, आजी काका काकू चुलतभाऊ सगळे येताजाता डोकावणार आणि प्रत्येकजण विचारणार, "काय खाल्लं गं?" आता तिकडचं बघा. ऑगस्ट ते ऑक्टोबर आयोवा आपल्या साडेदहा तास मागे असतं, म्हणजे तिच्याकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ. दिवसभर इंग्रजीत बोलून डोकं शिणलेलं, खोलीत एकटी, झोपायची वेळ, आणि स्क्रीनवर अख्खं घर एकत्र पोहे खातंय. मोठ्या माणसालाही रडू येईल हो.

पण नुसतं फोनची वेळ बदला सांगून मी त्यांना परत पाठवलं नाही. मला मुलीशी बोलायचं होतं आणि एकटीशी बोलायचं होतं, आई खोलीत नको. असं मी प्रत्येक केसमध्ये करते, कारण नुसत्या रडण्यावरून काही ठरवता येत नाही, पोर घाबरलेलं आहे का ते आधी कळायला हवं. तर मी सरळ विचारलं, घरात कोणाची भीती वाटते का, कोणी नको तसा हात लावतं का, बाथरूमचं दार आतून लागतं ना, पासपोर्ट आणि फोन तुझ्याकडेच असतो ना, लोकल कोऑर्डिनेटर, म्हणजे एक्स्चेंजच्या संस्थेची तिथली बाई, शेवटचं कधी बोलली, पोटभर जेवतेस ना. बाकी सगळ्याची उत्तरं पटापट आली आणि शेवटच्या प्रश्नाला ती गप्प झाली.

मग हळूहळू बाहेर पडलं. तिथे जेवण संध्याकाळी सहाला होतं. होस्ट मदर विचारते अजून हवंय का, ही म्हणते नको. आपल्याकडे पहिलं नको कोणी मनावर घेतंच नाही, वाढणारी दुसऱ्यांदा विचारते आणि तिसऱ्यांदा न विचारताच पानात घालते. तिथे त्या बाईंनी भांडं उचललं आणि फ्रिजमध्ये ठेवून दिलं, रोजच. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं होतं की फ्रिज उघड, हवं ते घे, पण हिला वाटलं असं म्हणायची पद्धत असेल, दुसऱ्याच्या घरचा फ्रिज आपण कसा उघडायचा. म्हणजे सहाला अर्धपोटी उठायचं, साडेनऊला पोटात कावळे ओरडतायत, आणि नेमका तेव्हाच घरून फोन की काय खाल्लं. ती सांगायची पिझ्झा खाल्ला, आणि मग रडायची.

आईला हे मुलीनीच सांगितलं, मी फक्त सोबत बसले. आई पार हादरली, म्हणाली माझी पोर उपाशी झोपते आणि तुम्ही म्हणता थांबा? मी म्हटलं हो, कारण ती माणसं वाईट नाहीत, त्यांना आग्रह ही गोष्टच माहीत नाही. ह्या जे-वन व्हिसावर येणाऱ्या शाळकरी मुलांना ठेवून घेण्याचे होस्ट फॅमिलीला पैसे मिळत नाहीत, ते हौसेनी ठेवतात, आणि पोर नको म्हणालं तर त्यांच्या लेखी विषय संपला. मग मी मुलीकडून दोनच वाक्यं इंग्रजीत पाठ करून घेतली, मला रात्री भूक लागते, मागायची मला लाज वाटते. ती तिनी त्याच आठवड्यात बोलून दाखवली. बाईंनी तिला फ्रिजमधला एक कप्पा करून दिला, केळी, चीज, ब्रेड, पीनट बटर, आणि मायक्रोवेव्ह कसा लावायचा ते दाखवलं.

फोनचं जास्त जड गेलं. ठरलं असं की रविवारी रात्री साडेआठला निवांत फोन, तेव्हा तिकडे सकाळचे दहा, बाकीचे दिवस नुसते मेसेज. आजी चिडल्या, पोरीला घरापासून तोडताय का म्हणाल्या. त्यांना मी रोज एक व्हॉइस नोट पाठवायचं काम दिलं, अट एकच की त्यात प्रश्न नको, नुसतं सांगायचं. त्या सांगायच्या, राजवाड्यावर आज केवढी गर्दी, शेजारच्या काकूंनी गॅलरीत नवीन कुंड्या आणल्या, असलंच. पोरीला ते फार आवडायचं, उत्तर द्यायची जबाबदारी नाही ना. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मात्र पोरीनी फोन उचलला नाही आणि आईचा मलाच फोन, घाबरलेला आवाज. त्या दिवशी अमेरिकेत घड्याळं एक तास मागे जातात, फरक साडेअकरा तासांचा होतो, तिकडे नऊच वाजले होते आणि बाईसाहेब झोपल्या होत्या. हे कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा.

तोवर ती शाळेच्या नाटकाच्या स्टेज क्रूमध्ये लागली होती, सेट रंगवायचा, पडदा ओढायचा, आणि रविवारचा फोन आपोआप आखूड होत गेला.

बाबांची काळजी वेगळी होती, साल खराब होईल. ह्यात काही खोटं बोलायचं कारण नाही, बहुतेक वेळा वर्ष जातंच. आपलं सत्र एप्रिलला सुरू होतं, त्यांचं ऑगस्ट ते मे-जून, आणि सीबीएसईत अकरावी-बारावी मिळून दोन वर्षांचा कोर्स असतो, त्यामुळे परत आल्यावर सहसा अकरावीच करावी लागते. शाळा काय करणार आहे ते जायच्या आधी प्रिन्सिपलकडून लेखी घ्या, तोंडी नको. पण बाबांना खरी भीती जेईईची होती, तर जेईई मेनची पात्रता बारावी पास झाल्याच्या वर्षावरून मोजतात, दहावीनंतर वर्ष बाहेर काढलं तर एकही अटेम्प्ट कमी होत नाही. आणि बारावी झाल्यावर पाठवू असं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्या, ह्या व्हिसासाठी शाळेची अकरापेक्षा जास्त वर्षं पूर्ण झालेली चालत नाहीत, वयही १५ ते साडेअठरा हवं.

मुलगी वर्ष पूर्ण करून आली. मैत्रिणी बारावीत, ही अकरावीत, ते पहिले दोन-तीन महिने तिला आयोवापेक्षा जड गेले असं ती स्वतः म्हणते, आणि त्यासाठीही ती माझ्याकडे येत होती.

आता दुसऱ्या एका मुलाबद्दल लिहायलाच हवं, नाहीतर ही केस वाचून सगळे म्हणतील रडू दे, होईल ठीक. हा मुलगा कधीच रडला नाही. फोनवर सगळं मस्त आहे, ऑल गुड. आईला फक्त एवढंच खटकलं की तो होस्ट फादरचं नावच घेत नाही. मी त्याच्याशी बोलले, तेच प्रश्न, आणि पहिल्याच प्रश्नाला त्यानी खाली बघितलं. ते गृहस्थ रात्री दारू पिऊन बायकोवर ओरडायचे, वस्तू फेकायचे, हा खोलीचं दार लावून हेडफोन घालून बसायचा. बोलला का नाही? तर तक्रार केली की आपल्याला परत पाठवतील, बाबांचे पैसे बुडतील.

खूप मुलांना असंच वाटतं. होस्ट फॅमिली बदलणं ही ह्या प्रोग्रॅममध्ये नेहमीची गोष्ट आहे. लोकल कोऑर्डिनेटरला दर महिन्याला मुलाशी संपर्क ठेवावाच लागतो, तसा नियमच आहे, आणि ते लक्ष देत नसतील तर थेट संस्थेकडे जायचं, शिवाय अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जे-वनवाल्यांसाठी वेगळी हेल्पलाइन असते. अशा घरात थांबून बघू म्हणायचंच नाही, त्याच दिवशी कळवायचं. मी बाबांना सांगितलं, तुम्ही स्वतः त्याला म्हणा की पैशाचं सोड, घर बदलून माग, आम्ही रागावणार नाही. ते ऐकल्यावर त्यानी त्याच रात्री कोऑर्डिनेटरला सगळं लिहून पाठवलं. त्याच आठवड्यात तो दुसऱ्या घरी राहायला गेला आणि जूनपर्यंत तिथेच होता.