सिनेमा संपला, हात धुणं संपेना

"साथीच्या रोगावरचा एक सिनेमा पाहिला आणि तेव्हापासून झोपच उडाली. घरात बाकी कुणाला काही झालं नाही. मग मलाच का? माझ्या डोक्यात काही बिघाड आहे का?"

मी समुपदेशक आहे. २०२०नंतर हा प्रश्न मला वेगवेगळ्या वयाच्या माणसांनी विचारलाय, आणि बहुतेकांनी थोडं लाजतच. सिनेमाला घाबरावं ते लहान मुलांनी, असं आपण धरून चालतो ना! म्हणून एका बाईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

बाई चाळिशीच्या आसपासच्या, नोकरी करणाऱ्या, बोलायला नेटक्या. एका सुट्टीच्या रात्री घरातल्यांनी मिळून 'कंटेजन' पाहिला. २०११ सालचा सिनेमा. परदेशातून परतलेली एक बाई खोकायला लागते, बघता बघता दगावते आणि तो विषाणू जगभर पसरतो, अशी कथा. बघायला चौघं होते: या बाई, त्यांचे यजमान, सोळा वर्षांचा मुलगा आणि मुक्कामाला आलेली नणंद. यजमानांना सिनेमा वेगवान वाटला, आवडला, आणि ते जाऊन गाढ झोपले. मुलानं दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा लावला. नणंद नर्स आहे. ती अर्ध्यातून उठली, "सकाळची ड्युटी आहे" म्हणाली आणि आत गेली. बाईंनी मात्र शेवटपर्यंत पाहिला, टीव्ही बंद केला, रिमोट पुसला आणि हात धुतले.

तो रिमोट पुसणं ही सुरुवात होती. माझ्याकडे आल्या तोवर लिफ्टचं बटण कोपरानं दाबणं, ऑफिसात शेजारचा खोकला की जागा बदलणं, रात्री मोबाईलवर लक्षणं शोधत बसणं, आणि दिवसातून कितीदा तरी यजमानांसमोर कपाळ पुढे करून "बघा ना, ताप वाटतोय का?" इथपर्यंत गाडी आली होती. शिवाय एक छोटी वही. तिच्यात ऑक्सिमीटरचे, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचे आकडे, वेळेसकट. एका पानावर मी वाचलं: ९८, ९७, ९७, ९८, ९३, ९३, ९६, ९७. दोन्ही ९३भोवती लाल पेनानं गोल. विचारलं, "तेव्हा नेमकं काय करत होतात?" जरा आठवून म्हणाल्या, "हात धुऊन आले होते." किती वेळ? बराच. पाणी कसलं? गार.

बोटं गार पडली की ऑक्सिमीटरचं रीडिंग चुकू शकतं, हे डॉक्टर मंडळींना ठाऊक असतं. म्हणजे ज्या आकड्यानं त्यांची रात्रभर झोप उडाली, तो बहुधा त्यांच्या हात धुण्यानंच आणला होता. हे कळल्यावर त्या हसल्या. पहिल्याच भेटीत माणूस स्वतःवर हसला की मला बरं वाटतं. पण एवढ्यानं भीती जात नाही. दुसऱ्या दिवशी कोमट पाण्यानं हात धुऊन रीडिंग घेतलं जातं, इतकंच.

घरचे काय म्हणायचे? "अगं, सिनेमा आहे तो!" हे वाक्य मायेनं म्हटलेलं असतं, आणि या बाबतीत त्याचा काडीचा उपयोग होत नाही. भुताच्या सिनेमाला ते चालेल. इथे ज्या बाईनं २०२० पाहिलंय तिला तुम्ही सांगताय की असं काही नसतं. त्यातून हा सिनेमा करणाऱ्यांनी अभ्यास चांगलाच केला होता. इयान लिपकिन हे साथरोगतज्ज्ञ त्यांचे सल्लागार होते, आणि त्यातला काल्पनिक विषाणू बराचसा निपाहवर बेतलेला आहे. निपाह १९९८-९९मध्ये मलेशियात, डुकरं पाळणाऱ्यांमध्ये पहिल्यांदा उघड झाला. तो फार घातक आहे, पण माणसांमाणसांत पसरायला त्याला जवळचा संपर्क लागतो. सिनेमावाल्यांनी मारकपणा त्याच्यासारखा घेतला आणि पसरण्याचा वेग फ्लूच्या जातीचा दिला. त्यांच्या विषाणूनं लागण झालेल्यांपैकी २५ ते ३० टक्के माणसं मरतात. कोविडमध्ये हे प्रमाण त्याच्या जवळपासही नव्हतं. थोडक्यात, विटा खऱ्या आणि घर रचलेलं. "खोटं आहे सगळं" म्हणून उडवून लावता येत नाही ते यामुळेच.

मी हे सगळं त्यांना ऐकवत बसले नाही. त्यांना ते माझ्याआधी माहीत होतं! घाबरलेलं माणूस फार वाचतं. माणूस दिवसाला दोन-तीन हजार वेळा चेहऱ्याला हात लावतो, असं त्या सिनेमातली डॉक्टर सांगते. त्यावरही बाईंनी शोध घेतला होता. ऑस्ट्रेलियात २६ वैद्यकीय विद्यार्थ्यांचं निरीक्षण करून २०१५मध्ये छापलेल्या अभ्यासात ही सरासरी तासाला २३ वेळा निघाली. सोळा तासांचे चारशेसुद्धा होत नाहीत. "मग तर सिनेमा बराच वाढवून सांगतो," मी म्हटलं. "हो," त्या म्हणाल्या, "पण तासाला २३ म्हणजे कमी आहे का?" माहितीनं भीतीचं पोट भरत नाही, ते असं.

मग मी विचारलं की डोळ्यांपुढे नक्की काय येतं. मला वाटलं होतं मृत्यूचे प्रसंग सांगतील. त्यांनी सांगितलं, "ते शेंगदाणे." विमानतळावरच्या बारमधला वाडगा, त्यात जाणारा हात. मग क्रेडिट कार्ड, बसमधला दांडा, दाराची मूठ. या सिनेमात माणूस वस्तूला हात लावून निघून जातो आणि कॅमेरा त्या वस्तूवरच रेंगाळतो. काही बोलत नाही, नुसता थांबतो. जवळपास दोन तास असं बघितल्यावर डोळ्यांना तसं बघायची सवय लागते. बाई सिनेमातून विषाणूची भीती घेऊन आल्या होत्या त्याहून जास्त ही नजर घेऊन आल्या होत्या. ऑफिसात शिरताना त्यांचा स्वतःचा कॅमेरा दाराच्या मुठीवर थांबत होता.

उपचार इथूनच सुरू केला. तो शेंगदाण्यांचा तुकडा आम्ही माझ्या लॅपटॉपवर आवाज बंद करून पाहिला. मग पुन्हा, आणि या वेळी त्यांनी फक्त कॅमेरा कुठे थांबतो ते सांगायचं. तिसऱ्यांदा आवाजासकट. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, "अर्धी भीती तर त्या संगीताची आहे." ती अतिशयोक्ती असेल, पण आता त्या सिनेमा बघत होत्या, आधी सिनेमा त्यांना बघत होता.

माझ्या मते खरं काम त्यानंतरचं. साथीच्या सिनेमाला घाबरणं हा आजार नाही. शरीरानं धोक्याची कल्पना केली आणि हृदय धडधडलं, तर ते यंत्र ठीक चाललंय. भीती दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरते, जर तिला खतपाणी मिळालं नाही तर. खतपाणी म्हणजे ती वही, तो मोबाईलवरचा शोध, ते "ताप वाटतोय का". प्रत्येक तपासणीनं पाचदहा मिनिटं हायसं वाटतं, आणि मन त्यातून एवढंच शिकतं की तपासलं म्हणून वाचलो. मग पुढच्या वेळी लवकर तपासावं लागतं.

आम्ही हात धुण्याचे नियम कागदावर लिहिले: बाहेरून आल्यावर, जेवणाआधी, शौचालयानंतर, वीस सेकंद, साबणानं. हे राहणार. यावरचं सगळं कमी करायचं. ऑक्सिमीटर नणंदेकडे गेला. यजमानांना मी बोलावून घेतलं. ते बिचारे प्रत्येक वेळी इमानदारीत कपाळाला हात लावून "नाही गं, गार आहेस" सांगत होते, आणि दमले होते. त्यांना म्हटलं, हे उत्तर आता द्यायचं नाही. "हा प्रश्न भीती विचारतेय, मी तिला उत्तर देणार नाही; चल, जरा फिरून येऊ," एवढंच म्हणायचं. त्यांना हे निष्ठुर वाटलं. बाईंना तर फारच. त्या आठवड्यात फोन आला, "मॅडम, तुम्ही मला आजारी पाडणार आहात."

तरी पुढच्या भेटीला आल्या. माझ्या खोलीच्या दाराची मूठ दोन्ही हातांनी धरायची, मग सॅनिटायझर न वापरता बसून बोलायचं, असं ठरलं होतं. आधी मी त्यांच्याकडून भाकीत लिहून घेतलं: दोन दिवसांत ताप येईल, खात्री ७० टक्के. तास संपला तेव्हा हात मांडीवर होते आणि बोलणं मुलाच्या परीक्षेवर आलं होतं. दोन दिवसांत काही झालं नाही. लिफ्टचं बटण, ऑफिसातला पेन, बसचा दांडा, असं एकेक करत गेलो. खात्रीचा आकडा ७०वरून ४०, मग २०.

आणि मग त्यांना सर्दी झाली. साधी, नाक गळणारी सर्दी, घसा दुखणारी.

अशा वेळी समुपदेशकाच्याही पोटात गोळा येतो, लपवण्यात अर्थ नाही. पण मी त्यांना आजारी पडणार नाही असं वचन कधीच दिलं नव्हतं, आणि कुणी देऊही नये. बाईंनी काय केलं? दोन दिवस सुट्टी घेतली, ऑफिसात जाताना मास्क लावला, ऑक्सिमीटर परत मागितला नाही. सर्दी आली तशी गेली. माझ्या सगळ्या युक्त्यांपेक्षा त्या सर्दीनं जास्त काम केलं. आजारी पडणं आणि जग बुडणं यांत अंतर आहे, हे त्यांना ऐकून नव्हे, नाक पुसत कळलं.

मला इथे एक सांगावंसं वाटतं. आमच्या क्षेत्रात प्रत्येक भीतीखाली जुनं दुःख पुरलेलं असणारच असं मानून खणत बसायची खोड आहे. मीही विचारलं: साथीत कुणी गेलं का, कुणाचा निरोप घ्यायचा राहिला का? नाही. खणायला काही नव्हतं. बघण्याची एक नजर आली होती आणि काही सवयी जडल्या होत्या, त्या सुटल्या.

मुलाबद्दल मात्र त्या काळजीनं विचारायच्या: "तोच सिनेमा पुन्हा पुन्हा बघतो, हे बरं का?" बहुतेक वेळा बरंच. 'कंटेजन' काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्सच्या सिनेमांमध्ये लोकप्रियतेत डिसेंबर २०१९ला २७०व्या क्रमांकावर असलेला हा सिनेमा कोविडची साथ आल्यावर काही आठवड्यांत दुसऱ्या क्रमांकावर आला होता. साथ दारात असताना लोकांनी साथीचाच सिनेमा शोधून पाहिला! संशोधक कोल्टन स्क्रिव्हनर आणि सहकाऱ्यांनी २०२१मध्ये ३१० लोकांचा अभ्यास छापला. त्यात भयपटांची आवड असणाऱ्यांना साथीच्या काळात मानसिक त्रास तुलनेनं कमी जाणवला होता. आवडीमुळे कणखर झाले की मुळात कणखर म्हणून आवड, हे त्यातून ठरत नाही, तेव्हा कुणाला औषध म्हणून भयपट दाखवू नका. पण सोफ्यावर सुरक्षित बसून संकटाची रंगीत तालीम करणं हा काहींचा स्वभाव असतो. मुलगा जेवतो, झोपतो, मित्रांत जातो ना? मग बघू दे. वडील गाढ झोपले ते धीट म्हणून आणि आई घाबरली ती दुबळी म्हणून, असा हिशेबही मांडू नका.

माझं लक्ष नणंदेकडे होतं. ती नेमकी कुठे उठली, ते मी एकदा विचारलं. सिनेमातली साथीवर नेमलेली डॉक्टर हॉटेलच्या खोलीत एकटी जागी होते, तिला कळतं की आपल्याला लागण झालीय, आणि ती आधी फोन लावते तो आपल्या खोलीत कोण कोण येऊन गेलं त्यांची नावं मिळवायला. त्या प्रसंगाला नणंद उठली होती. त्यानंतर तिनं सिनेमाचा विषय काढला नाही, कुणी काढला तर खोलीतून निघून जायची, आणि रात्री स्वयंपाकघरातला दिवा उशिरापर्यंत चालू दिसायचा. घरात चर्चा वहिनीच्या हात धुण्याची होती, कारण ते दिसत होतं.

भीती दोन-तीन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप, काम किंवा जेवण बिघडलं, जुने प्रसंग नको असताना डोळ्यांपुढे यायला लागले किंवा माणूस एखादा विषय कडेकडेनं टाळायला लागला, तर समुपदेशकाकडे यावं. गरज वाटली तर आम्हीच मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतो. छातीत दुखणं, खरोखरीचा दम लागणं यासाठी आधी डॉक्टर, मग आम्ही.

बाईंना मी सांगितलं की नणंदेला ओढून आणू नका, "तू बरी आहेस ना" असंही रोज विचारू नका. फक्त एकदा सांगा की मी जात होते, मला उपयोग झाला, आणि नंबर देऊन ठेवा. त्यांनी दिला. नणंदेनं दोनदा वेळ घेतली आणि दोन्ही वेळा ड्युटी बदलली म्हणून रद्द केली. तिसरी वेळ येत्या गुरुवारची आहे.