आमच्या कडक शिस्तीमुळे मुलाला डिप्रेशन आलं असेल का?

तुम्ही लिहिलंय: घोडबंदर रोडला राहतो, मुलगा दहावीत, तीन आठवडे खोलीतून बाहेर येत नाही, काही विचारलं की अंगावर येतो. आई कडक, बाबा घरी पोहोचतात तेव्हा रात्रीचे साडेनऊ. चूक कोणाची?

आधी कडकपणाचं बघू. रात्री मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला, क्लास बुडवला तर घरी सांगायचं, अशा नियमांनी मूल आजारी पडत नाही. माया असलेल्या घरात नियम आधारच देतात. बाधतं ते वेगळं. 'तुझ्यासाठी एवढ्या खस्ता खातोय' असं ऐकवणं, मार्क कमी पडले की दोन दिवस अबोला, पाहुण्यांसमोर सोसायटीतल्या हुशार मुलीशी तुलना. यातून मूल एवढंच शिकतं की आपण मार्कांपुरतेच हवे आहोत. आणि 'कर काय हवं ते' म्हणून हात झटकणंही तितकंच वाईट.

पण सगळं खापर स्वतःवर फोडू नका. आनुवंशिकता असते, शाळेतली दादागिरी असते. शिवाय या वयातलं डिप्रेशन बरेचदा उदासीऐवजी चिडचिडीतून दिसतं. पालकांना तो उर्मटपणा वाटतो, ते आणखी कडक होतात, मुलगा आणखी आत जातो.

आजपासून दारातून आल्या आल्या 'टेस्टचं काय झालं?' बंद. रोज पंधरा मिनिटं त्याच्याबरोबर, अभ्यास सोडून. समोर बसवून नको, दूध आणायला जाताना वगैरे. तो 'बोअर होतं' म्हणाला तर 'कशाने?' एवढंच विचारा आणि थांबा. बहुतेकांचं इथेच बिघडतं, लगेच 'आमच्या वेळी' सुरू होतं. झोप आठ ते दहा तास हवी. त्यासाठी पहाटेचा क्लास सोडावा लागला तर खुशाल सोडा.

दोन आठवड्यांहून जास्त झालेत, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात ओपीडी आहे; नावाला बिचकू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. गोळ्या सुरू झाल्या तर फरक दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून मधेच बंद करू नका.

'जीव द्यावासा वाटतो का?' हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. 'हो' म्हणाला तर एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या आणि उंदराचं औषध कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.