नितळ पाण्यातला बार्बल आणि शेवटचे तीन फूट

वाचकांचे प्रश्न, नदीकाठची उत्तरं

16 जूनला इंग्लंडातल्या नद्या गरवायला उघडल्या की या सदराकडे बार्बलचे, म्हणजे तळाशी चरणाऱ्या त्या मिशाळ नदीतल्या माशाचे, प्रश्न यायला लागतात. यंदा बहुतेक सगळे एकाच गोष्टीवर आलेत, ती म्हणजे हुकलिंक. नवीन वाचकांसाठी सांगतो, शिसं आणि गळ यांच्या मधला जो दोरीचा शेवटचा तुकडा असतो ना, ती हुकलिंक.

प्रश्न : दादा, मी रीडिंगला राहतो आणि गेल्या सीझनपासून केनेट नदीवर बार्बलसाठी जातोय. माझ्या जागेवर पाणी एवढं नितळ आहे की पोलरॉइड चष्मा लावला की मासे सरळ दिसतात, हेंपचे (भांगेच्या बियांचे) दाणे टिपत फिरतात पण माझा पेलेट (गळाला लावलेली खाद्याची गोळी) तेवढा सोडून देतात. सध्या 12 पाउंडाचा ताण सोसणारी ब्रेडेड (बारीक धागे विणून केलेली) हुकलिंक आहे, सहा इंच. दुकानदार म्हणतो फ्लोरोकार्बन (एकसंध प्लॅस्टिकची दोरी) घे, मित्र म्हणतो ब्रेडेडच मऊ, तीच ठेव. नक्की काय बांधू?

उत्तर : फ्लोरोकार्बन बांधा, 10 पाउंडाची, आणि सहा इंचाची तीन फूट करा. आता का ते सांगतो, कारण दुकानदार म्हणाला असेल की ती पाण्यात दिसत नाही, आणि माझ्या मते ते कारण दुय्यम आहे.

केनेटसारख्या नद्यांचं पाणी चॉकच्या (मऊ पांढऱ्या चुनखडीच्या) खडकातनं झिरपून वर येतं म्हणून ते एवढं स्वच्छ (कालव्याचं पाणी मिसळतं तिथे थोडं गढूळतं, ते सोडा). अशाच एका जागी मी एकदा काठावर पालथा पडून माझीच हुकलिंक बघत बसलो होतो, पाणी कमरेएवढं, खाली पिवळट खडी, मधे वॉटर क्रोफूट या पाणवनस्पतीच्या हिरव्या लांब बटा. शिसं आणि पेलेट तळाला, पण मधली ब्रेडेड दोरी खडीवर टेकलेलीच नव्हती, तिची कमान झाली होती आणि प्रवाहात ती सारखी थरथरत होती. चार-पाच बार्बल प्रवाहाच्या खालच्या बाजूने वर सरकत आले, तोंड खडीत, मस्त खात होते. पुढच्या माशाचा छातीजवळचा पर त्या कमानीला लागला मात्र, सगळेच्या सगळे एका झटक्यात गेले, मागे नुसता गाळाचा ढग राहिला. त्या माशाने दोरी बघितली असं मला अजिबात वाटलं नाही, त्याला ती लागली.

बार्बलचं तोंड खाली आणि डोळे वर, शिवाय तोंडाशी चार मिशा, म्हणजे खाताना तोंडाखालचा घास तो बघत नाही, मिशांनी आणि ओठांनी चाचपतो. त्यामुळे दोरी तळाला चिकटून पडणं हे मी पहिलं बघतो आणि दिसते किती हे नंतर. इथे हिशोब सोपा आहे. पाण्याची घनता 1 धरली तर साधी ब्रेडेड ज्या धाग्याची असते त्याची साधारण 0.97, म्हणजे ती तरंगणार. नायलॉनची, म्हणजे आपल्या कोकणातल्या तंगूसाची 1.14 च्या आसपास, सावकाश बुडते. फ्लोरोकार्बनची 1.78, ती खडीत जाऊन बसते. दिसण्याचं म्हणाल तर पाण्याचा अपवर्तनांक 1.33, फ्लोरोकार्बनचा 1.42 आणि नायलॉनचा 1.5 च्या वर, तेव्हा ती कमी दिसते हे खरंच आहे पण अदृश्य वगैरे काही होत नाही, उन्हात तिची सावली खडीवर मी स्वतः बघितलीय.

तुमच्या मित्राचंही चूक नाही. 10 पाउंडाची फ्लोरोकार्बन साधारण 0.30 मिलिमीटर जाड आणि कडक असते, माशाने छोटा पेलेट ओढून घेतला की तो मोकळेपणी तोंडात जात नाही, अडतो, आणि मासा लगेच थुंकतो. म्हणून आधी नुसती फ्लोरोकार्बन वापरा आणि पेलेट ज्या केसाला (गळाच्या मागे सोडलेल्या बारीक दोऱ्याला) बांधता तो केस जरा लांब ठेवा. तरी मासे नाकाने ढोसून सोडत असतील तर मग कॉम्बी करा, म्हणजे अडीच-पावणेतीन फूट फ्लोरोकार्बन आणि गळाजवळची शेवटची तीन-चार इंच मऊ ब्रेडेड. सांधा ऑलब्राइट गाठीने बांधायचा आणि त्या गाठीवर टंगस्टनची पुटी (मऊ, जड लगदा) लावायची, ज्वारीच्या दाण्याएवढी बास. मग तो तरंगणारा तुकडाही खाली बसतो. मी स्वतः जुलै-ऑगस्टमध्ये पाणी कमी झालं की हेच वापरतो.

टाकण्याआधी काठाजवळच्या उथळ पाण्यात एकदा सोडून बघा, दोरी कुठे उचलली जातेय का. दोन मिनिटांचं काम आहे आणि नितळ पाण्यात गरवायचा मोठा फायदा हाच, की आपल्याला सगळं दिसतं.

आणि एक विनंती, दोरी लपवायच्या नादात 4-5 पाउंडावर उतरू नका. त्या क्रोफूटच्या जाळीत बार्बल घुसला की बारीक दोरी तुटणार, आणि तो मासा तोंडात गळ आणि मागे तीन फूट दोरी घेऊन फिरणार. वनस्पती दाट असेल तर 10 सुद्धा मला कमी वाटते, मी 12 लावतो. शिसंही असं लावा की मेन लाइन (रीळवरची मुख्य दोरी) तुटली तर ते सुटून पडेल. मासा मिळाला नाही तरी चालेल, पण तो असा अडकून राहायला नको.

प्रश्न : तुमचं आधीचं उत्तर वाचून फ्लोरोकार्बन आणली, पण दोन मासे गाठीतच तुटले. माल खराब आहे का?

उत्तर : दोन्ही वेळा गाठीतच तुटले म्हणताय तर माझा संशय गाठीवर आहे. फ्लोरोकार्बन कडक असल्यामुळे गाठ ओढताना घासून गरम होते आणि तिथेच कमजोर पडते. थुंकी लावून ओली करा आणि हळूहळू, एका दमात ओढा, झटका नको. गाठ बसल्यावर डोळ्याजवळ धरून बघा, दोरी चपटी झालेली किंवा पांढरट दिसली तर ती कापा आणि परत बांधा, हे करताना कंटाळा करू नका. मी स्विव्हलला (दोरीला पीळ पडू न देणाऱ्या फिरत्या कडीला) ग्रिनर गाठ बांधतो आणि गळाला नॉटलेस नॉट. प्रत्येक माशानंतर शेवटची फूटभर दोरी नखावरनं फिरवायची सवय लावून घ्या. चॉकच्या नद्यांच्या तळाला फ्लिंटचे (गारगोटीसारखे) दगड असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात, तिथे घासून दोरीला बारीकसा खरखरीतपणा आला तरी मी ती काढून टाकतो. याच कारणासाठी फ्लिंटवर पूर्ण ब्रेडेड मला नको वाटते, नुसत्या ताणाला ती जबरदस्त आहे पण धारदार दगडावर घासली की पटकन जाते.

प्रश्न : मी वूस्टरला सेव्हर्न नदीवर जाते. इथे पाणी बऱ्याचदा चहासारखं असतं, तरी फ्लोरोकार्बन लागेलच का?

उत्तर : नाही, तिथे पैसे वाचवा. गढूळ पाण्यात कोटेड (वर थर चढवलेली) ब्रेडेड छान काम करते, 12 ते 15 पाउंडाची, दोन फूट. कोटिंगमुळे ती गुंतत नाही आणि गळाजवळचं इंचभर कोटिंग नखाने सोलून टाकलं की तिथे बिजागरीसारखी मऊ होते. फक्त खोक्यावर सिंकिंग (बुडणारी) लिहिलंय का ते बघून घ्या. साधं तंगूस सुद्धा चालतं, पण ते पाणी पितं आणि थोडं कमजोर होतं, उन्हानेही खराब होतं, म्हणून मागच्या वर्षीचं स्पूल हुकलिंकसाठी नको. उन्हाळ्यात बरेच दिवस पाऊस नसला आणि तुमचं पाणी निवळलं की मात्र वरचं केनेटचं उत्तर तुम्हालाही लागू. तसंही तुमच्या नदीतले बार्बल मूळचे केनेटचेच, 1956 मध्ये तिथनं आणून सेव्हर्नमध्ये सोडले होते, त्याआधी सेव्हर्नमध्ये बार्बल नव्हता.

प्रश्न : बाबा रत्नागिरीहून दोन महिन्यांसाठी आलेत, आयुष्यभर खाडीवर गरवलंय. त्यांना नदीवर न्यायचंय. लायसन्स लागेल का? आणि ते विचारतायत की बार्बल खातात का?

उत्तर : बाबांना माझा नमस्कार सांगा. पाहुणे असले तरी रॉड लायसन्स लागतं, ते एका दिवसाचंही मिळतं, आणि शिवाय ज्या क्लबचा किंवा मालकाचा तो काठ असेल त्यांची परवानगी वेगळी. खायचं मात्र डोक्यातनं काढा, इथे बार्बल परत सोडतात, आणि त्याची गाबोळी तर विषारी असते, उलट्या-जुलाब होतात. बाबांना हे आधीच सांगून न्या, म्हणजे काठावर वाद होणार नाही. :)

आणि सोडायचं कसं ते त्यांना नीट दाखवा, कारण खाडीवर ही वेळच येत नाही. बार्बल दमेपर्यंत झुंजतो, लगेच पाण्यात सोडला तर उलटा होऊन वाहत जातो आणि मरूही शकतो, उन्हाळ्यात पाणी कोमट असताना तर जास्तच. त्याच्या पाठीवरच्या पराला पुढे एक करवतीसारखा काटा असतो, तो जाळीत अडकला तर ओढायचं नाही, जाळी पाण्यातच ठेवून बोटाने सोडवायचा. मग हात ओले करून, तोंड प्रवाहाकडे करून त्याला पाण्यात सरळ धरायचं, मागेपुढे हलवायचं नाही. कधी दोन मिनिटं लागतात, कधी दहा. बाबांच्या हातात द्या तो मासा, कल्ले जोरात चालायला लागले आणि शेपटीचा झटका बसला की तो आपणहून जाईल.