वाचकांचे प्रश्न : कॅरिअर किती खाली बसेल?

प्रश्न : मी रोज सायकलने कामावर जातो. मागच्या कॅरिअरवर लॅपटॉपची बॅग बांधली की सायकल डुलते आणि टांग टाकताना पाय अडतो. चाक ७०० × ४०, मडगार्ड आहे, मागे डिस्क ब्रेक. कमी उंचीचं कॅरिअर घेताना काय बघू?

उत्तर : आधी टेपने मोजा. ७०० च्या चाकात टायर बसतो तिथे रिमची त्रिज्या ३११ मिमी आणि टायर ४०, म्हणजे एक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) मध्यापासून टायरचा माथा साधारण ३५१ मिमीवर. त्यावर मडगार्डसाठी १२-१५ मिमी आणि मडगार्डच्या वर निदान १० मिमी मोकळी जागा. कॅरिअरच्या वरच्या फळीचा तळ ३७५ मिमीच्या खाली आणलात तर खड्ड्यात मडगार्ड दबून टायरला घासेल. कॅरिअरचे पाय मात्र एक्सलला नाही, फ्रेमच्या आटे असलेल्या भोकात बसतात. ते भोक एक्सलच्या २० मिमी वर असेल, तर पायांच्या लांबीतून तेवढे वजा करा.

एवढं करून उंची तीन-चार सेंटिमीटर घटेल, फार नाही. खरा फरक पडतो तो बॅग बाजूला लटकवल्यावर. म्हणून वरच्या फळीखाली बॅगेसाठी वेगळी दांडी असलेलं कॅरिअर बघा. बॅग आणखी खाली येते, टांग टाकायला वरची जागा मोकळी राहते. फक्त पेडल मारताना टाच बॅगेला लागत नाही ना, हे दुकानातच तपासा. लागत असेल तर बॅग मागे सरकवून लटकवा.

डिस्क ब्रेकचा कॅलिपर (चकती दाबणारा भाग) मागच्या उभ्या नळीवर बाहेर असेल, तर कॅरिअरचा पाय त्याला अडतो. मोठा स्पेसर (मधे घालायची नळकांडी) आणि लांब बोल्ट घालून पाय बाहेर काढणं हा सर्रास दिसणारा उपाय. पण भार फ्रेमपासून लांब गेला की ५ मिमीचा बोल्ट वाकतो, पुढे तुटतो. त्यापेक्षा डिस्क ब्रेकसाठी पाय मुळातच बाहेर वळवलेलं कॅरिअर घ्या. चेनच्या बाजूचा बोल्ट आत जास्त डोकावला तर मागच्या सर्वांत लहान दातेरी चकतीवर चेन त्याला घासते, तेही पाहा.

प्रश्न : फ्रेमला भोकंच नाहीत. सीटच्या नळीला आवळायचं कॅरिअर चालेल का?

उत्तर : हलक्या बॅगेपुरतं. त्याची उंची सीटवर ठरते, शिवाय ते आडवं फिरतं. कार्बनच्या नळीला मुळीच नको. फ्रेम कार्बनची नसेल तर तिच्या नळीच्या मापाच्या, रबर लावलेल्या क्लॅम्प (आवळायच्या पट्ट्या) घेऊन पायांचं कॅरिअर बसवा.