ताडोब्याहून ॲलिस स्प्रिंग्जला येण्याआधी

तुम्ही विचारलंय, वन्यजीवशास्त्रात एम.एस्सी. झालंय, ताडोब्यात दोन वर्षं कॅमेरा ट्रॅपचं काम केलंय, तर ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात ‘इंडिजिनस रेंजर’ची (म्हणजे आपल्याच जमिनीची राखण करणाऱ्या तिथल्या आदिवासी वनरक्षकाची) नोकरी मिळेल का? नाही मिळणार. ज्यांची जमीन, त्यांचीच ती नोकरी, आणि ते बरोबरच आहे. बाहेरच्यांना जागा असते ती त्यांच्या मदतीला: इकॉलॉजिस्ट, समन्वयक, नाहीतर माझ्यासारखी नकाशे करणारी.

मी ऑस्ट्रेलियाच्या मधोमध, ॲलिस स्प्रिंग्ज या गावात राहते. पहिल्याच वर्षी किविरकुरा नावाच्या आदिवासी वस्तीला गेले. इथून पश्चिमेला सुमारे 700 किलोमीटर, बहुतेक रस्ता कच्चा. तिथले आदिवासी लोक पिंटुपी जमातीचे. त्यांच्यातलं एक कुटुंब 1984 पर्यंत बाहेरच्या जगापासून दूर, याच वाळवंटात फिरत होतं. मला नुसती वाळू दिसत होती. सोबतच्या आजीने एका ठशावर बोट ठेवलं: मांजर, कालच्या रात्रीचं. गोऱ्यांबरोबर आलेली मांजरं इथे रानोमाळ माजलीत. निनू (म्हणजे बिल्बी, लांब कानांचा छोटा प्राणी) आणि जालापा नावाचा मोठा सरडा त्यांच्या तोंडी पडतात. या बायका पायी माग काढत जातात, मांजर दमेपर्यंत. मग मारतात आणि भाजून खातात. (हे आईला सांगितलेलं नाही.) जालापाचं बीळ ओळखायची खूणही तिनेच दाखवली: अख्खं कुटुंब एका बिळात राहतं आणि बाहेर सगळ्यांची शौचाची जागा एकच. हे सगळं टॅबलेटवर नोंदवलं जातं आणि मग माझ्याकडे येतं.

आपण जाळरेषा काढून (म्हणजे गवताचा पट्टा आधीच जाळून) वणवा अडवतो. इथे थंडीत स्पिनिफेक्स गवताचे छोटे छोटे तुकडे मुद्दाम जाळतात. माणसं वाळवंटातून निघून गेली तेव्हा ही जाळणी थांबली आणि विजेने लागलेले वणवे मैलोन्‌मैल पसरू लागले. लहान प्राण्यांचा आडोसा गेला की मांजरांचं फावतं.

आता तयारीचं. ॲलिस स्प्रिंग्ज ज्या प्रांतात आहे तो नॉर्दर्न टेरिटरी ‘रीजनल’मध्ये (मोठ्या शहरांबाहेरच्या भागात) मोडतो, त्यामुळे अशा भागांसाठीचा कुशल कामगारांचा तात्पुरता व्हिसा, 491, बघा. गिअरची फोर-व्हील-ड्राइव्ह वाळूत चालवता आणि पंक्चर काढता आलंच पाहिजे. परवान्याशिवाय आदिवासींच्या जमिनीवर पाऊल टाकायचं नाही, बऱ्याच वस्त्यांत दारूला बंदी. कुणी वारलं की ‘सॉरी बिझनेस’, म्हणजे दुखवटा, सुरू होतो: काम बंद, गेलेल्याचं नावही घ्यायचं नाही. माझा महिनाभर आखलेला दौरा असाच रद्द झाला होता आणि मी मूर्खासारखी ‘पुढची तारीख’ विचारत बसले होते. तुम्ही तसं करू नका.

चंद्रपूरचं ऊन सोसलंय म्हणजे इथल्या उन्हाचं काही वाटणार नाही. जुलैच्या, म्हणजे इथल्या हिवाळ्याच्या, रात्री मात्र पारा शून्याखाली जातो. स्लीपिंग बॅगवर पैसे वाचवू नका.