चहा सांडलेला लॅपटॉप सुरू झाला, तरी आधी बॅटरी सुटी करा

म्हणजे झालं असं, की अर्धा कप दुधाचा चहा कीबोर्डवर सांडला, तुम्ही पुसून दोन दिवस लॅपटॉप तांदळात पुरून ठेवला, तो सुरूही झाला. आता फक्त ई आणि आर ही बटणं चिकटतायत. घरचे म्हणतात, चालतोय ना, मग कशाला खोलायचा.

खोलायचा. आणि खोलेपर्यंत बंद ठेवायचा, चार्जर काढून. बॅकअप नसेल तर बॅटरीवरच एकदा सुरू करून महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि लगेच बंद करा. विंडोज असेल तर बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ आकडी रिकव्हरी की मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते का, तेही आत्ताच बघा. उद्या बोर्ड (आतला मुख्य मदरबोर्ड) गेला आणि एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी डिस्क, काढून दुसरीकडे लावायची वेळ आली, तर या आकड्यांवाचून अडेल.

तांदळाबद्दल थोडं बोलतो, कारण दर पावसाळ्यात हेच ऐकतो. तांदूळ आतलं पाणी ओढून घेत नाही. नुसता उघडा ठेवून समोर पंखा लावला असता तरी जास्त फायदा झाला असता. वर पीठ आणि कण्या पोर्टमध्ये जातात. ॲपलने २०२४ मध्ये आयफोनबाबत हेच बजावलं होतं. पण समजा तांदळाने खरोखर सगळं सुकवलं, तरी तुमचा प्रश्न सुटत नव्हता. चहातलं पाणी उडून जातं. साखर, दूध आणि क्षार बोर्डावरच बसतात. हा थर हवेतला दमटपणा धरतो. मुंबई-कोकणातल्या हवेत तर वाळलेला चिकट थर परत ओलसर व्हायला वेळ लागत नाही.

त्यात वीज. लॅपटॉप शटडाउन केला तरी बॅटरी जोडलेली असेपर्यंत बोर्डाचा काही भाग जागा असतो, नाहीतर पॉवर बटण दाबलेलं त्याला कळणार कसं? तिथे ३.३ आणि ५ व्होल्ट कायम असतात. ओल, क्षार आणि व्होल्टेज एकत्र आले की तांबं विरघळायला लागतं, आणि ते थांबत नाही. म्हणून चहा सांडल्यावर आठवडाभर मस्त चाललेला लॅपटॉप अचानक मेला, अशा तक्रारी येतात. पहिलं काम सुकवणं नव्हेच. चार्जर ओढायचा, पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं, आणि शक्य तितक्या लवकर बॅटरी सुटी करायची.

वॉरंटीबरोबर अपघाती नुकसानीचा प्लॅन घेतला असेल तर स्वतः काहीही उघडू नका, आधी तिकडे फोन करा. साध्या वॉरंटीत सांडलेलं द्रव बसत नाही. आत जागोजागी पांढरे ठिपके चिकटवलेले असतात, ते भिजले की लाल होतात. तेव्हा "आपोआप बंद पडला" असं सांगून उपयोग नाही.

प्लॅन नसेल आणि हात स्थिर असेल तर खालचं झाकण काढा. स्क्रू कागदावर त्याच क्रमाने चिकटवत जा. आखूडच्या जागी लांब स्क्रू पिळला तर तो बोर्डात घुसतो. बॅटरीचा कनेक्टर प्लॅस्टिकच्या पट्टीने उचला, धातूचं काही नको. मग कीबोर्डची चपटी पट्टी जिथे बोर्डात शिरते तिथे टॉर्च मारा. तुमची तक्रार ई-आरची आहे, त्यामुळे चहा बहुधा त्याच बाजूने उतरला असेल. सोनेरी पिना एकसारख्या चमकत असतील तर बरं. मधलीच एखादी काळी पडलेली, किंवा शेजारच्या मोहरीएवढ्या कपॅसिटरच्या (बोर्डावरचा एक बारीक भाग) पायाशी हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली, तर गंज सुरू झालाय.

पुढचं धुणं बोर्ड पूर्ण बाहेर काढूनच होतं. इथे बरेच जण चुकतात: आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बोळा बुडवून पुसतात आणि झालं म्हणतात. साखर अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणून आधी डिस्टिल्ड वॉटर, गॅरेजमध्ये बॅटरीत घालतात ते, आणि मऊ टूथब्रश. त्यानंतर ९९ टक्क्यांचं अल्कोहोल, जे उरलेलं पाणी घेऊन उडून जातं. खिडकी उघडी ठेवा, जवळपास गॅस पेटलेला नको. हीटसिंक, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा भाग, काढलात तर त्याखालची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट नवी लावावी लागते. स्क्रीनला यातलं काहीही लावू नका, आणि हेअर ड्रायर तर नकोच. तो चहा आणखी आत ढकलतो.

हे वाचूनच धडकी भरली असेल तर दुकानात द्या, त्यात कमीपणा नाही. पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारताना एवढंच विचारा: "बोर्ड काढून धुणार की नुसता ब्लोअर मारणार?" ज्याच्याकडे अल्ट्रासॉनिक मशीन (ध्वनिलहरींनी बोर्ड धुणारं) आहे आणि जो धुण्याआधी बोर्ड तुम्हाला दाखवतो, त्याच्याकडे द्या. अधिकृत केंद्रात बहुतेकदा अख्खा मदरबोर्ड बदलायचा हिशेब हातात ठेवतात. मॅकबुकवाल्यांनी मात्र घाई करावी. २०१८पासूनच्या एअर आणि प्रोमध्ये स्टोरेज बोर्डावरच असतं आणि त्याचं एन्क्रिप्शन, म्हणजे डेटाचं कुलूप, त्याच बोर्डावरच्या चिपशी बांधलेलं असतं. बोर्ड जिवंत झाला तरच डेटा मिळतो.

राहिला कीबोर्ड. त्यात प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यांचे थर असतात आणि चहा त्यांच्यामध्ये शिरलाय. बटणं उपटून साफ करायच्या फंदात पडू नका, बदला. तोवर यूएसबी कीबोर्ड चालेल, पण आतल्या कीबोर्डची चपटी पट्टी बोर्डातून काढून टाकायच्या आधी पॉवर बटण कुठे आहे ते बघा. बऱ्याच मॉडेलांत ते कीबोर्डचाच भाग असतं, पट्टी काढली की लॅपटॉप सुरूच करता येत नाही. काही कीबोर्ड स्क्रूने बसवलेले असतात, काही वरच्या पॅनेलला प्लॅस्टिकच्या रिव्हेटांनी ठोकलेले, आणि खर्चात फरक पडतो तो इथे. खालच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर कळवा, म्हणजे तुमचा कोणता ते सांगतो.